स्नोडेनला आश्रय कुणी दिला, कुणी नाकारला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा एडवर्ड स्नोडेन कोण आणि त्याने नेमकं केलं काय?

अमेरिकन संगणकतज्ज्ञ. जन्म २१ जून १९८३. आधी सीआयएत तांत्रिक कामावर होता, तेव्हा काही काळ जिनिव्हात नेमणूक होती. पुढे डेल आणि शेवटी बूझ अ‍ॅलन हॅमिल्टन या कंत्राटी कंपन्यांमार्फत नॅशनल सिक्युरिटी एजन्सी, म्हणजे एनएसए या अमेरिकी हेरखात्याच्या कामावर हवाई बेटांवर. २० मे २०१३ रोजी तो आजारपणाची रजा टाकून हाँगकाँगला निघून गेला. जूनच्या सुरुवातीला तिथल्या एका हॉटेलच्या खोलीत त्याने लॉरा पॉइट्रस, ग्लेन ग्रीनवाल्ड आणि युएन मॅकअ‍ॅस्किल या तीन पत्रकारांची भेट घेतली आणि एनएसएची अतिगोपनीय कागदपत्रं उलगडून दाखवली. ५ जूनला 'द गार्डियन'मध्ये पहिली बातमी आली. ९ जूनला त्याने स्वतःच नाव आणि चेहरा जाहीर केला. तेव्हा तो २९ वर्षांचा होता.

त्या कागदपत्रांत एवढं होतं तरी काय? हेरखातं हेरगिरी करतं, यात नवल ते काय?

नवल हेरगिरीचं नव्हतं. कुणावर आणि किती, याचं होतं. पहिल्या बातमीतला कागद म्हणजे अमेरिकेतल्या एका गुप्त न्यायालयाचा आदेश. व्हेरायझन या फोन कंपनीने आपल्या ग्राहकांच्या कॉलच्या नोंदी रोजच्या रोज एनएसएला द्यायच्या, असं त्यात म्हटलेलं. संशयितांच्या नोंदी नव्हेत, सगळ्यांच्या, अमेरिकेतल्या अमेरिकेत केलेल्या कॉलच्यासुद्धा. बोलणं नाही, पण कोणी कोणाला, कधी, किती वेळ फोन केला ते सगळं. 'फक्त मेटाडेटा' असं म्हणून हे हलकं करण्याचा प्रयत्न झाला. पण एखादी व्यक्ती आधी कर्करोगतज्ज्ञाला, मग बहिणीला आणि मग वकिलाला फोन करते, तेव्हा संभाषण ऐकायची गरज उरत नाही.

दुसऱ्या दिवशी प्रिझम बाहेर आलं: मायक्रोसॉफ्ट, याहू, गूगल, फेसबुक, अ‍ॅपल अशा नऊ कंपन्यांच्या सेवांमधून माहिती मिळवण्याचा कार्यक्रम. आमच्या सर्व्हरमध्ये सरकारला थेट शिरकाव नाही, असं कंपन्यांनी सांगितलं. मग ब्रिटनच्या जीसीएचक्यू या हेरखात्याचा टेम्पोरा आला. समुद्राखालून जाणाऱ्या फायबर केबलवरून वाहणारा मजकूर तीन दिवस आणि मेटाडेटा तीस दिवस साठवून ठेवायचा, असा तो प्रकार. ऑक्टोबरमध्ये जर्मनीच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल यांचा मोबाइलही लक्ष्य होता असं उघड झालं आणि मित्रराष्ट्र या शब्दाचा अर्थ बर्लिनमध्ये नव्याने शोधला जाऊ लागला.

या सगळ्यात एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे, १२ मार्च २०१३. त्या दिवशी सिनेटर रॉन वायडन यांनी गुप्तचर संचालक जेम्स क्लॅपर यांना उघड सुनावणीत विचारलं होतं की, एनएसए कोट्यवधी अमेरिकनांची माहिती गोळा करते का? क्लॅपर यांचं उत्तर होतं, नाही. निदान जाणूनबुजून तरी नाही. तीन महिन्यांत व्हेरायझनचा कागद छापून आला.

त्याने आधी वरिष्ठांकडे तक्रार का केली नाही?

केली, असं तो म्हणतो. दहापेक्षा जास्त जणांशी बोललो असा त्याचा दावा आहे. एनएसएने त्याची एकच ईमेल जाहीर केली, एप्रिल २०१३ ची, आणि तिच्यात तक्रार नाही, कायद्यांच्या उतरंडीबद्दलची एक शंका आहे असं सांगितलं. ही ईमेल आता कुणीही वाचू शकतं आणि ती खरोखरच पुळचट आहे.

पण कंत्राटी माणसाच्या हातात तेव्हा होतं काय, हेही बघावं लागतं. ओबामांनी ऑक्टोबर २०१२ मध्ये गुप्तचर खात्यांतल्या तक्रारदारांना संरक्षण देणारा निर्देश काढला होता. त्यात कंत्राटदारांचे कर्मचारी बसत नव्हते. शिवाय एनएसएचाच अधिकारी थॉमस ड्रेक याचं उदाहरण ताजं होतं. त्याने वरिष्ठ, महानिरीक्षक, काँग्रेसची समिती असे सगळे राजमार्ग चालून पाहिले, शेवटी एका वार्ताहराशी बोलला. २०१० मध्ये त्याच्यावर दहा आरोप ठेवले गेले. वर्षभरात ते सगळे गळून पडले आणि एका किरकोळ गुन्ह्याची कबुली उरली. तोवर त्याची नोकरी गेली होती, निवृत्तिवेतन गेलं होतं. तो पुढे अ‍ॅपलच्या दुकानात काम करत होता.

मग तो जागल्या की गद्दार?

गद्दारी, म्हणजे देशद्रोह, हा आरोप त्याच्यावर ठेवलेलाच नाही. १४ जून २०१३ च्या फिर्यादीत तीन आरोप आहेत: सरकारी मालमत्तेची चोरी, आणि १९१७ च्या हेरगिरीविरोधी कायद्याखाली दोन. प्रत्येकाला जास्तीत जास्त दहा वर्षं.

आपल्या 'जागल्या' या शब्दाची इथे गंमत होते. गावगाड्यातला जागल्या रात्री चोर दिसला की हाळी द्यायचा. इथे त्याने हाळी दिली आणि बोट पाटलाच्या वाड्याकडे दाखवलं. १९१७ च्या कायद्यात अशा जागल्याची सोय नाही. माहिती शत्रूला विकली की वर्तमानपत्राला फुकट दिली, याने आरोपात फरक पडत नाही आणि 'लोकहितासाठी केलं' हा बचाव ज्यूरीसमोर मांडता येत नाही. डॅनियल एल्सबर्गने १९७१ मध्ये व्हिएतनाम युद्धाची कागदपत्रं फोडली तेव्हा त्यालाही कोर्टात 'का केलं' हे सांगू दिलं नव्हतं. तो सुटला तो सरकारच्याच गैरकृत्यांमुळे, १९७३ मध्ये. गुप्त कागद प्रसिद्ध करणाऱ्या विकिलीक्सला लष्करी कागद देणाऱ्या चेल्सी मॅनिंगला ३५ वर्षं झाली (ओबामांनी ती नंतर कमी केली), एनएसएच्याच कंत्राटी कामावर असलेल्या रिअ‍ॅलिटी विनर हिला एका कागदासाठी पाच वर्षं तीन महिने.

आश्रय मिळण्यासाठी कायद्याने काय लागतं? चांगलं काम केलं एवढं पुरत नाही का?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत, म्हणून थोडं सविस्तर.

१९५१ चा निर्वासित करार आणि १९६७ चा पूरक करार यांच्यानुसार पाचच कारणं चालतात: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट आणि राजकीय मत. यांपैकी एखाद्या कारणाने छळ होईल अशी सकारण भीती असली पाहिजे, आणि माणूस आपल्या देशाबाहेर असला पाहिजे. 'जागल्या' हे सहावं कारण कुठेही नाही. त्यामुळे स्नोडेनसारख्याला आपला अर्ज 'राजकीय मत' या खणात बसवावा लागतो. समोरचा देश लगेच विचारतो, हा छळ आहे की खटला? सर्वांना लागू असलेला कायदा मोडला म्हणून चालणारा खटला छळ ठरत नाही. शिक्षा अवाजवी असेल, बचावाची संधीच मिळणार नसेल, तर तो छळाकडे झुकतो. स्नोडेनचे वकील बोट ठेवतात ते नेमकं या जागेवर. उलट बाजूला, गंभीर अराजकीय गुन्हा केलेल्याला करार दारातूनच परत पाठवतो. गुपितं फोडणं राजकीय की अराजकीय? यावर दोन वकील दोन तास भांडू शकतात.

पण व्यवहारात या सगळ्यापर्यंत गोष्ट पोहोचतच नाही, कारण त्याआधी एक फार साधा नियम आडवा येतो. बहुतेक देशांत अर्ज करायला त्या देशाच्या जमिनीवर पाय टेकलेले असावे लागतात. दूतावासात जाऊन आश्रय घेण्याची प्रथा मुख्यतः लॅटिन अमेरिकेतली. इक्वाडोरने विकिलीक्सच्या ज्युलियन असांजला लंडनच्या दूतावासात २०१२ ते २०१९ ठेवून घेतलं ते त्या परंपरेला धरून. बाकीचं जग तिला मानत नाही. स्नोडेनची पुढची सगळी कथा या एका नियमाभोवती फिरते.

हाँगकाँग का निवडलं आणि दोन-चार आठवड्यांत सोडलं का?

अभिव्यक्तीची परंपरा, वेगळी न्यायव्यवस्था आणि अमेरिकेच्या तडक हाती न लागणारी जागा, हा त्याचा हिशोब. पण हाँगकाँगचा अमेरिकेशी प्रत्यार्पणाचा करार होता. २१ जूनला, म्हणजे बरोबर त्याच्या तिसाव्या वाढदिवशी, फिर्याद उघड झाली. अमेरिकेने अटकेची मागणी केली. हाँगकाँग सरकारने कागद अपुरे असल्याचं सांगितलं. मधलं नाव नीट जुळत नाही, पासपोर्टचा क्रमांक नाही, असल्या त्रुटी काढल्या. नको असलेला पाहुणा आपणहून निघत असेल तर दार उघडं ठेवायचं, ही सरकारी कला जगभर सारखीच असावी. २३ जूनला तो एरोफ्लोटच्या विमानाने मॉस्कोला निघाला. सोबत विकिलीक्सच्या सारा हॅरिसन होत्या.

म्हणजे रशिया त्याने स्वतः निवडला?

नाही. मॉस्को हा गाडी बदलायचा थांबा होता. पुढचं तिकीट हवानाचं होतं आणि तिथून इक्वाडोरच्या दिशेने जायचा बेत होता. २४ जूनच्या हवानाच्या विमानात १७ए ही जागा त्याच्या नावावर होती. डझनावारी पत्रकारांनी त्या विमानाची तिकिटं काढली. दारं बंद झाली, १७ए रिकामीच राहिली, आणि मंडळी रिकाम्या खुर्चीचे फोटो काढत क्युबापर्यंत गेली.

झालं असं होतं की, अमेरिकेने २२ जूनला त्याचा पासपोर्ट रद्द केला होता. इक्वाडोरच्या लंडनमधल्या वकिलातीने एक प्रवासपत्र दिलं होतं, पण राष्ट्राध्यक्ष राफाएल कोर्रेया यांनी ते अधिकृत नसल्याचं जाहीर केलं. त्याच सुमारास अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष जो बायडन यांनी त्यांना फोन केला होता. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही, त्यामुळे शेरेमेत्येवो विमानतळाच्या ट्रान्झिट भागातून ना पुढे जाता येतं, ना मागे. तिथे त्याचे जवळजवळ चाळीस दिवस गेले.

आता यात अमेरिकेचा डाव काय होता हे मला आजवर कळलेलं नाही. ज्या माणसाकडे तुमची गुपितं आहेत असं तुम्ही म्हणता, त्याला तुम्हीच मॉस्कोत अडकवून ठेवायचं आणि मग वर्षानुवर्षं विचारायचं, 'हा मॉस्कोत का राहतो?'

किती देशांकडे अर्ज केले? उत्तरं काय आली?

विकिलीक्सने २ जुलैला दिलेल्या यादीनुसार एकवीस. आइसलँड आणि इक्वाडोर आधीच झाले होते. नव्याने ऑस्ट्रिया, बोलिव्हिया, ब्राझील, चीन, क्युबा, फिनलंड, फ्रान्स, जर्मनी, भारत, इटली, आयर्लंड, नेदरलँड्स, निकाराग्वा, नॉर्वे, पोलंड, रशिया, स्पेन, स्वित्झर्लंड आणि व्हेनेझुएला. युरोपातल्या अनेकांनी एकच वाक्य वेगवेगळ्या भाषांत म्हटलं: अर्जदार आमच्या भूमीवर नाही. पोलंडचे परराष्ट्रमंत्री तर अर्ज नमुन्यात बसत नाही, आणि बसला असता तरी मी शिफारस केली नसती, असं सरळ म्हणाले. निदान ते स्पष्ट तरी होतं.

भारताने काय केलं?

मॉस्कोतल्या भारतीय दूतावासाला ३० जूनचा अर्ज मिळाला, २ जुलैला नकार गेला. काळजीपूर्वक तपासलं, मान्य करण्याचं कारण दिसत नाही, इतकंच. भारताने १९५१ च्या करारावर सहीच केलेली नाही, त्यामुळे कायद्याने कारण देणं बंधनकारकही नव्हतं. परराष्ट्रमंत्री सलमान खुर्शीद यांनी त्या दिवसांत अमेरिकेच्या कार्यक्रमांना हेरगिरी म्हणता येणार नाही अशी बाजूही घेतली.

स्नोडेनच्याच कागदांत बाउंडलेस इन्फॉर्मंट नावाचा एक नकाशा होता. मार्च २०१३ या एका महिन्यात कुठल्या देशातून किती नोंदी गोळा झाल्या ते तो दाखवतो. भारत पाचवा, ६.३ अब्ज नोंदी. वर्षभराने आणखी एक कागद बाहेर आला. २०१० साली एनएसएला ज्या परदेशी राजकीय पक्षांवर नजर ठेवायची परवानगी होती, त्यांत भारतीय जनता पक्ष होता. तोवर दिल्लीत त्याच पक्षाचं सरकार आलं होतं. मग मात्र अमेरिकन मुत्सद्द्याला बोलावून जाब विचारला गेला.

बोलिव्हियाच्या अध्यक्षांचं विमान अडवलं होतं, ते काय प्रकरण?

२ जुलै २०१३. एव्हो मोरालेस मॉस्कोतली एक परिषद आटोपून घरी निघाले होते. स्नोडेन विमानात लपला असल्याची आवई उठली आणि फ्रान्स, पोर्तुगाल, इटली, स्पेन यांच्या हवाई हद्दीचे दरवाजे बंद होत गेले. विमान व्हिएन्नात उतरवावं लागलं, रात्र तिथे गेली. स्नोडेन विमानात नव्हता. लॅटिन अमेरिकेत संतापाची लाट उसळली आणि चार दिवसांच्या आत व्हेनेझुएला, निकाराग्वा आणि बोलिव्हिया यांनी आश्रय देऊ केला. म्हणजे आश्रय होता, तिथवर पोहोचायची वाट नव्हती. एका राष्ट्राध्यक्षाचं विमान जिथे अडवलं जातं, तिथे रद्द पासपोर्टवाल्याने कुठल्या आकाशातून जायचं?

रशियाने कोणत्या अटीवर ठेवून घेतलं?

१ जुलैला पुतिन म्हणाले, राहायचं तर आमच्या अमेरिकन मित्रांना इजा पोहोचवायचं काम थांबवावं. 'माझ्या तोंडून हे ऐकायला विचित्र वाटेल,' असंही त्यांनी जोडलं. विचित्र वाटलंच. अट ऐकून स्नोडेनने रशियाकडचा अर्ज मागे घेतला. पण मोरालेस प्रकरणानंतर पर्याय उरले नाहीत. १२ जुलैला तो विमानतळावरच मानवाधिकार संघटनांच्या प्रतिनिधींना भेटला आणि १६ जुलैला तात्पुरत्या आश्रयाचा अर्ज केला. अमेरिकेचे अ‍ॅटर्नी जनरल एरिक होल्डर यांनी रशियाला पत्र लिहून फाशी मागणार नाही आणि छळ करणार नाही अशी हमी दिली. लोकशाही सरकारला अशी हमी लेखी द्यावी लागावी, यातच मॅनिंग आणि ग्वांतानामोच्या लष्करी तुरुंगानंतरची परिस्थिती दिसते.

१ ऑगस्टला एक वर्षाचा आश्रय मिळाला. ओबामांनी पुतिन यांच्यासोबतची ठरलेली शिखर भेट रद्द केली. पुढे २०१४ मध्ये तीन वर्षांचा निवासी परवाना, २०१७ मध्ये मुदतवाढ, २०२० मध्ये कायमचा परवाना आणि २६ सप्टेंबर २०२२ रोजी नागरिकत्व. त्याच्या पाचच दिवस आधी रशियाने युक्रेन युद्धासाठी सैन्यभरती जाहीर केली होती. याने रशियन सैन्यात कधी नोकरी केलेली नाही, त्यामुळे बोलावणं येणार नाही, असा खुलासा त्याच्या वकिलाला करावा लागला.

रशियाला त्याने गुपितं दिली का?

तो म्हणतो, सगळे कागद हाँगकाँगमध्येच पत्रकारांच्या हवाली केले, रशियात एकही आणला नाही. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या गुप्तचर समितीने २०१६ मध्ये म्हटलं की त्याने १५ लाख दस्तऐवज उचलले आणि रशियन गुप्तचरांशी त्याचा संपर्क आहे. त्याने ते नाकारलं. समितीने या संपर्काचा पुरावा लोकांसमोर ठेवलेला नाही. फिर्यादीतही परकी सत्तेला माहिती पुरवल्याचा आरोप नाही.

रशियातल्या पाळतीवर तो बोलतो का?

बोलला आहे. २०१६ मध्ये तिथे फोन आणि इंटरनेटचा मजकूर साठवून ठेवायला लावणारा कायदा आला, तेव्हा त्याने उघड टीका केली. त्याआधी २०१४ मध्ये पुतिन यांच्या टीव्हीवरच्या प्रश्नोत्तरांत त्याने पाळतीबद्दल विचारलं, पुतिन यांनी आमच्याकडे तसं काही नाही म्हणून सांगितलं, आणि स्नोडेन प्रचाराचं बाहुलं झाला अशी टीका झाली. युक्रेनवर आक्रमण झाल्यापासून तो बराच गप्प आहे. त्याच्या बाजूच्या लोकांनी ही शांतता सोयीस्करपणे विसरू नये. यजमानाच्या मर्जीवर राहणाऱ्याची जीभ किती मोकळी असते, हेही आश्रयाच्या हिशोबात धरायला हवं.

एवढं करून बदललं काय?

मे २०१५ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने फोन नोंदींची घाऊक साठवणूक कायद्यात बसत नाही असं ठरवलं. २ जूनला यूएसए फ्रीडम कायदा झाला आणि तो कार्यक्रम त्या रूपात संपला. सप्टेंबर २०२० मध्ये आणखी एका अपील न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. त्या दिवशी स्नोडेन मॉस्कोत होता आणि त्याच्यावरची फिर्याद जशीच्या तशी होती. युरोपच्या न्यायालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये अमेरिकेला डेटा पाठवण्याची 'सेफ हार्बर' व्यवस्था मोडीत काढली.

परदेशी लोकांवरच्या पाळतीला आधार देणारं कलम ७०२ मात्र टिकलं. एप्रिल २०२४ मध्ये काँग्रेसने त्याला आणखी दोन वर्षं दिली. म्हणजे अमेरिकनांना थोडं संरक्षण मिळालं, उरलेल्या जगाला फारसं नाही.

युरोपला त्याच्यामुळे एवढं कळलं, मग युरोपने आश्रय का दिला नाही?

युरोपीय संसदेने २९ ऑक्टोबर २०१५ ला ठराव केला की सदस्य देशांनी त्याच्यावरचे आरोप सोडून द्यावेत आणि त्याला संरक्षण द्यावं. मतं २८५ विरुद्ध २८१. ठराव बंधनकारक नव्हता आणि एकाही देशाने तो अमलात आणला नाही. जर्मन संसदेच्या चौकशी समितीतल्या विरोधकांना त्याची साक्ष बर्लिनमध्ये हवी होती, सरकारने आणलं नाही. साक्ष हवी, साक्षीदार नको.

त्याला माफी मिळू शकते का? तो परत जाईल का?

माफी देता येते. २०१६ मध्ये ओबामा म्हणाले की कोर्टापुढे न आलेल्याला मी माफी देऊ शकत नाही; पण जेराल्ड फोर्ड यांनी १९७४ मध्ये निक्सनना आरोपपत्राआधीच माफी दिली होती. ट्रम्प यांनी ऑगस्ट २०२० मध्ये विचार करू म्हटलं आणि जानेवारीत माफी न देताच पायउतार झाले. स्नोडेनची स्वतःची अट जुनीच आहे: ज्यूरीसमोर 'का केलं' हे सांगू द्या, मग येतो.

हाँगकाँगमध्ये ओळख उघड झाल्यावर तो दोन आठवडे कुठे लपला होता?

हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो. तो आश्रय मागणाऱ्यांच्याच घरी होता. श्रीलंका आणि फिलिपिन्समधून आलेली, वर्षानुवर्षं हाँगकाँगमध्ये अर्ज अडकलेली ही माणसं. वकिलाने त्याला त्यांच्या खुराड्यांएवढ्या खोल्यांत आळीपाळीने ठेवलं, कारण जगातला सगळ्यात जास्त शोधला जाणारा माणूस तिथे असेल असं कुणाच्या डोक्यात येणार नव्हतं. काहींनी आपला पलंग त्याला दिला. २०१६ मध्ये ही गोष्ट बाहेर आली आणि २०१७ मध्ये हाँगकाँगने त्यांचे अर्ज फेटाळले. २०१९ मध्ये एक आई आणि तिची मुलगी कॅनडात पोहोचल्या. २०२१ मध्ये चौघांचं एक कुटुंब गेलं. सातवा माणूस, श्रीलंकेच्या लष्करातला माजी सैनिक, त्यांचं विमान उडालं तेव्हा हाँगकाँगमध्येच मागे राहिला होता.